बर्फ, पाणी आणि उकड्याची पेज

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोट दर्यावर निघण्यापूर्वी कशी भरली जाते, ते एकदा धक्क्यावर उभं राहून बघावं. आधी डिझेल चढतं. मग बर्फ चढतो, लाद्या फोडून, चुरा करून, थेट मासळीच्या खणात. मग पाण्याची पिंपं. आणि सगळ्यात शेवटी, कुणाच्या तरी खांद्यावरून तांदळाचं पोतं, कांदे-बटाट्याच्या गोणी, तेलाचा डबा, डाळ, मसाला, चहा-साखर, अंडी आणि बिस्किटांचे पुडे येतात. या शेवटच्या सामानाला बंदरावर एकच शब्द आहे, रेशन. आठ-दहा माणसांनी आठ-दहा दिवस त्यावर काढायचे असतात.

पापलेटच्या भावावर, पर्ससीन जाळ्यांच्या वादावर, पावसाळी बंदीवर आपल्याकडे भरपूर लिहून येतं. पण मासळी धरणारा माणूस समुद्रात काय खातो आणि काय पितो, याकडे लक्ष जात नाही. कोकणच्या मासेमारीत गेल्या दोन-तीन पिढ्यांत जे बदललं, ते या रेशनच्या गोणीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही, असं माझं मत आहे.

पूर्वी होडीवर रेशन नसायचं, शिदोरी असायची. उत्तर कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत डोल जाळ्याची मासेमारी जुनी. डोल म्हणजे नरसाळ्याच्या आकाराचं पिशवीसारखं जाळं. ते समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर सोडून द्यायचं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ओढीबरोबर आत येतात. त्यामुळे या धंद्याचं घड्याळ पाण्याचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोराची, भांगाला मंद. होडी पाण्याबरोबर जायची आणि पाण्याबरोबर यायची. रात्री-अपरात्री घरातली बाई उठून भाकऱ्या भाजायची, कारण नवरा, दीर, मुलगा पुढच्या ओहोटीला निघणार असायचे.

ही भाकरी तांदळाची. तांदळाचं पीठ गार पाण्यात मळलं तर भाकरीला चिरा जातात आणि ती लवकर कडक होते. उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढून मळलं तर ती बराच वेळ मऊ राहते. फडक्यात बांधलेल्या चार भाकऱ्या, कांद्यावर परतलेला सुका जवळा किंवा भाजलेला सुका बोंबील, एखादी हिरवी मिरची. ओल्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. वलांडीवर उन्हात वाळवून ते पाणी काढून टाकलं की उरतो तो हलका, महिनोन् महिने टिकणारा, प्रथिनांनी भरलेला जिन्नस. समुद्रावर जाताना समुद्रातलाच मासा वाळवून बरोबर न्यायचा, यामागे पक्कं शहाणपण आहे. जाळ्यात आज काही लागेलच याची खात्री नसते, आणि जेवण जाळ्याच्या भरवशावर ठेवता येत नाही.

पुढे इंजिनं आली, नायलॉनची जाळी आली, बर्फ मुबलक झाला आणि होड्या दूर जाऊ लागल्या. फेरी सहा तासांची होती ती दोन दिवसांची झाली, मग आठवड्याची. आठवड्याच्या भाकऱ्या कुणी बांधून देऊ शकत नाही. चूल होडीवर गेली आणि शिदोरी ठरवण्याचा अधिकार घरातल्या बाईच्या हातून सुटला. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

होडीवरचा स्वयंपाक ही वेगळीच विद्या आहे. टोप खोल हवा आणि अर्ध्याहून जास्त भरायचा नाही, कारण होडी हलते. जिन्नस कमी हवेत, वेळ कमी लागायला हवा. म्हणून दर्यावरच्या कालवणात नारळ नसतो. नारळ खवायचा, वाटायचा, त्यासाठी हात कुणाचे मोकळे असतात? तेलात ठेचलेला लसूण, हळद, घरून आणलेला मसाला, चिंचेचा कोळ किंवा आमसुलं, मीठ, पाणी, आणि उकळी फुटली की मासे. दहा-पंधरा मिनिटांत टोप उतरतो. मासे समुद्राच्याच पाण्यात धुतलेले असतात, म्हणून मीठ हात राखून घालायचं. ज्यांनी हे कालवण खाल्लं आहे ते सांगतात की किनाऱ्यावरच्या हॉटेलात ती चव येत नाही. त्याचं कारण सरळ आहे. मासा जाळ्यातून टोपात यायला अर्धा तास लागलेला असतो.

पण कोणता मासा? पापलेट, सुरमई, हलवा, मोठी कोलंबी सरळ बर्फात जाते. उष्ण हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ लागतो, म्हणजे तिच्यावर खर्च झालेला असतो आणि तिच्यावरच फेरीचा हिशेब उभा असतो. टोपात पडतो तो ढोमा, मांदेली, बांगडा, शिंगाळा, नाहीतर धक्क्यावर भाव न मिळणारा कुठलाही मासा. खलाशांना याचं वैषम्य नसतं. तरीही शहरात महाग पापलेट खाताना ते धरणाऱ्याच्या ताटात काय होतं, एवढं आपण माहीत करून घ्यायला हरकत नाही.

मासा मिळतो, तांदूळ नेता येतो, पण पाणी समुद्रात मिळत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इतकी खारट लघवी माणसाचं मूत्रपिंड तयार करू शकत नाही. म्हणून समुद्राचं पाणी प्यायलं तर ते क्षार बाहेर टाकायला प्यालेल्यापेक्षा जास्त पाणी शरीरातून जातं आणि माणूस अधिकच सुकत जातो. उन्हात जाळं ओढणाऱ्याला दिवसाला चार लिटर पाणी धरलं, तर दहा माणसांना दहा दिवस नुसतं प्यायला चारशे लिटर हवं. भात, डाळ, चहा वेगळा. अंघोळ, भांडी, कपडे सगळं खाऱ्या पाण्यात उरकलं तरी दोन-तीन पिंपांना पर्याय नाही. पिंपाला जागा लागते आणि बोटीवर प्रत्येक फुटावर मासळीचा हक्क असतो. पाणी कमी पडलं की हात बर्फाकडे जातो. मासळीचा बर्फ पिण्यासाठी नसतो. लाद्या धक्क्यावरून ओढत आणलेल्या असतात आणि खणात त्या मासळीला लागलेल्या असतात. जुलाब लागलेला खलाशी किनाऱ्यापासून एका दिवसाच्या अंतरावर असला तर त्याचे हाल कोणी सांगायला नकोत.

चहा कोराच असतो, दूध टिकत नाही म्हणून. तो उकळलेला असतो, त्यामुळे पोटाला बाधत नाही, आणि रात्रपाळीत डोळे उघडे ठेवतो. दारूचं मात्र समर्थन करता येत नाही. ती शरीरातलं पाणी आणखी बाहेर काढते आणि हलत्या फळीवरचा तोल घालवते. रात्री पाण्यात पडलेला माणूस शोधणं किती कठीण असतं, हे बोट चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाला ठाऊक आहे.

आता भाताकडे वळू. दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सकाळी उकड्या तांदळाची पेज पिऊन माणूस कामाला लागतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या गाबीत मच्छीमारांचंही तेच. रायगड-पालघरकडे सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ चालतो. फरक नुसता चवीचा नाही. भात साळीसकट भिजवून उकडला की कोंड्याखालचं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात आत मुरतं आणि नंतर सडलं तरी बरंचसं टिकतं. पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळातून ते निघून जातं. याची किंमत जपानच्या आरमाराने मोजली. 'र्‍यूजो' हे जहाज १८८२-८३ मध्ये लांबच्या सफरीवर गेलं. ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी, म्हणजे ब-१च्या अभावाने होणारा आजार, झाला आणि २५ जण दगावले. आरमारी डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी १८८४ मध्ये 'त्सुकुबा' जहाज साधारण त्याच मार्गाने पाठवलं, पण पांढऱ्या भाताचं प्रमाण कमी करून मांस, दूध, पाव असा आहार देऊन. त्या सफरीत बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही. ताकाकींना वाटलं की उणीव प्रथिनांची होती. खरं कारण नंतर कळलं, पण उपाय बरोबर ठरला.

आपल्या बोटींवर बेरीबेरी नाही, कारण भाताबरोबर मासळी आणि डाळ असते. पण पोतं भरताना उकड्याऐवजी स्वस्त पांढरा तांदूळ आला, डाळ पातळ झाली आणि भाजी दुसऱ्या दिवशी संपली की त्याच दिशेने पावलं पडतात. शरीरातला ब-१चा साठा दोन-तीन आठवड्यांहून अधिक पुरत नाही.

दर्यावर जाणाऱ्या आपल्या माणसांचा आंबटावर फार विश्वास. चिंच, आमसूल, वाळवलेली कैरी. आंबटाने मासळीचा उग्र वास मरतो, जेवण टिकतं, तोंडाला चव येते. पण चिंचेने लिंबाचं काम होत नाही. १७४७ मध्ये जेम्स लिंड या स्कॉटिश डॉक्टरने 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्ही हा आजार झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळा उपाय दिला. एका जोडीच्या औषधात लसूण आणि मोहरी होती, आणि प्यायला चिंचेने आंबट केलेलं सातूचं पाणी. ती जोडी बरी झाली नाही. झपाट्याने बरे झाले ते संत्री-लिंबं खाल्लेले दोघे. स्कर्व्ही दिसायला एक ते तीन महिने ताजी फळं-भाजी बंद व्हावी लागते. आपल्या होड्या तितका काळ बाहेर नसतात, म्हणून कोकणात हे संकट आलं नाही. पण शंभर लिंबं नेणं अवघड नाही, आणि ती चांगली टिकतात.

गोव्याच्या तार्वट्यांनी, म्हणजे जहाजांवर नोकरीला जाणाऱ्या खलाशांनी, जेवण टिकवण्याचा प्रश्न व्हिनेगरने सोडवला. सुक्या मासळीचं 'पारा' नावाचं लोणचं बरणीत भरून ते सातासमुद्रापार नेत. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत पावसाआधी मसाला कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत भरतात, म्हणून त्याचं नाव बाटली मसाला. कोळीवाड्यातही एप्रिल-मे महिन्यांत मसाला होतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. ती उठून बोटी निघतात तेव्हा घरातून बोटीवर जाणारी शेवटची वस्तू हा मसालाच उरला आहे.

कारण बोटीवरची माणसंही आता घरची नाहीत. रत्नागिरी, हर्णै, मुंबई इथे नेपाळ, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, कर्नाटक इथून आलेले खलाशी मोठ्या संख्येने आहेत. टोपात डाळभात, बटाट्याची भाजी, कधी चपाती आली ती त्यांच्यामुळे. त्यांच्यासाठी पहाटे भाकऱ्या भाजणारं किनाऱ्यावर कोणी नाही. आणि अनेक ठिकाणी रीत अशी की डिझेल, बर्फ, रेशन यांचा खर्च वजा करून मग मासळीच्या पैशाचे वाटे पडतात. म्हणजे रेशन वाढलं की नाखव्याचा, बोटीच्या मालकाचा, वाटाही घटतो आणि खलाशाचाही. डिझेलशिवाय बोट हलत नाही, बर्फाशिवाय मासळी राहत नाही. दोन्ही बाजूंनी कापता येतं ते फक्त जेवण. घरी पैसे पाठवणारा खलाशी स्वतःच भाजी नको म्हणतो, आणि ते ऐकून घेणं सगळ्यांच्या सोयीचं असतं.

माझ्या मते रेशन वाट्याच्या हिशेबातून बाहेर काढून मालकाच्या खर्चात धरलं पाहिजे. तसं होईपर्यंत नाखव्यांना एवढीच विनंती आहे. पुढच्या फेरीला पिण्याच्या पाण्याचं एक पिंप जास्त घ्या, कोबीचे चार गड्डे आणि शंभर लिंबं घ्या, जमेल तिथे उकडा तांदूळ घ्या, आणि रेशनची यादी घरातल्या बाईला एकदा नजरेखालून घालू द्या.