बहुउपयोगी वाहनांच्या मागील स्प्रिंग व धक्काशोषकांची झीज आणि त्यांचा बदल : नागपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विदर्भाच्या ग्रामीण व निमशहरी भागात प्रवासी आणि माल यांची वाहतूक एकाच वाहनातून करण्याची पद्धत जुनी आहे. १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो आणि २००० मध्ये आलेली महिंद्र बोलेरो ही वाहने या गरजेतूनच लोकप्रिय झाली. पेंच, ताडोबा व उमरेड-कऱ्हांडला येथील जंगलवाटांवर पर्यटकांना नेणारी मारुती जिप्सी हेही याच जातीचे वाहन होय. १९८५ पासून बनत असलेल्या जिप्सीचे सर्वसाधारण ग्राहकांसाठीचे उत्पादन २०१८-१९ च्या सुमारास थांबले. त्यामुळे तिच्या सुट्या भागांचा प्रश्न आज अधिकच जाणवतो. या वाहनांचा मागचा भाग काही वर्षांनी खाली बसतो, गाडी गतिरोधकावर आपटते आणि मालक गॅरेजमध्ये जाऊन 'शॉकअप बदला' असे सांगतो. ही मागणी पुष्कळदा चुकीच्या निदानावर आधारलेली असते. ती का, आणि योग्य दुरुस्ती कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोन घटक, दोन भिन्न कार्ये

वाहनाचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंगचे आहे. सुमो, बोलेरो व जिप्सी यांच्या मागील आसावर पोलादी पट्ट्यांची चवड असते. गॅरेजच्या भाषेत तिला 'पाटे' म्हणतात. १९९८ ची मूळ टाटा सफारी व नंतरची स्कॉर्पिओ यांत मागे वेटोळ्याची स्प्रिंग आहे. रूप वेगळे असले तरी तत्त्व रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेलेच आहे : भार जितका वाढेल, तितक्याच प्रमाणात स्प्रिंग दबेल. धक्काशोषक वजन पेलत नाही. त्याच्या नळकांड्यातील तेल लहान छिद्रांतून ढकलले जाते आणि स्प्रिंगच्या आंदोलनातील ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. म्हणून साधा धक्काशोषक नवा बसविल्याने खाली बसलेली गाडी वर येत नाही. नायट्रोजनचा दाब असलेल्या प्रकारामुळे किंचित उचल मिळते, परंतु तो वायू तेलाचा फेस होऊ नये म्हणून भरलेला असतो, भार उचलण्यासाठी नव्हे.

हा फरक आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. मागील स्प्रिंग वाहनाच्या वजनाने १० सेंटिमीटर दबत असेल, तर तिची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला सुमारे १.६ आंदोलने इतकी येते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका आंदोलनाच्या काळात सुमारे साडेदहा मीटर अंतर कापते. धक्काशोषक सुस्थितीत असेल व त्याचे अवमंदन गुणोत्तर ०.३ असेल, तर एका आंदोलनानंतर मूळ उसळीच्या केवळ १४ टक्के उसळी शिल्लक राहते. हेच गुणोत्तर ०.१ पर्यंत घसरले, तर ५३ टक्के उरते आणि तितकी शांतता येण्यास जवळजवळ तीन आंदोलने, म्हणजे तीस मीटरहून अधिक अंतर लागते. या अंतरात चाकाची रस्त्यावरील पकड क्षणोक्षणी कमी-अधिक होत असते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगात हे अंतर दुप्पट होते.

'स्प्रिंग नरम पडली' या समजाविषयी

स्प्रिंग जुनी झाली की ती नरम पडते, असा समज सार्वत्रिक आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांतही तो आढळतो. वस्तुतः पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक वापराने जवळजवळ बदलत नाही. बदलते ती स्प्रिंगची मुक्त अवस्थेतील उंची. वारंवार अतिभार पडल्याने धातूत अल्प प्रमाणात कायमचे विरूपण साचत जाते आणि पाट्याचा बाक कमी होतो. अशी स्प्रिंग पूर्वीइतकीच ताठ असते, पण खालच्या पातळीवरून काम करते. परिणामी आस आणि सांगाडा यांच्यातील मोकळे अंतर घटते व रबरी अडवणीवर आदळण्याचे प्रसंग वाढतात.

गंजाची गोष्ट मात्र निराळी. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. गंजाने जाडी १० टक्के घटली, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो आणि त्याच भाराखाली पृष्ठावरील ताण २३ टक्क्यांनी वाढतो. तडे नेमके गंजाच्या खळग्यांपासूनच सुरू होतात. कारखान्यात पाट्यांवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागावर संपीडनाचा ताण निर्माण केलेला असतो. गंज हे संरक्षणच खाऊन टाकतो.

स्थानिक परिस्थिती

नागपूर हे दख्खनच्या कातळ पठाराच्या पूर्व सीमेवर वसले आहे. पश्चिमेस वर्धा-काटोलकडे काळी कापसाची जमीन लागते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे मृद्खनिज पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पुरेसा पाया न घातलेल्या रस्त्यांचा पृष्ठभाग लाटांसारखा होतो. अशा लाटांवरून भरलेले वाहन जाते, तेव्हा धक्काशोषकाला सलग काम करावे लागते. त्यात मे महिन्यातील ४५ अंशांचे तापमान. तापलेले तेल पातळ होते, अवमंदन घटते, रबरी सील कडक होऊन तेल पाझरू लागते.

ब्रेकशी असलेला दुर्लक्षित संबंध

झिजलेल्या स्प्रिंगकडे केवळ आरामाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, हे योग्य नाही. अशा अनेक वाहनांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारी एक झडप असते. ती एका दांडीने मागील आसाशी जोडलेली असते आणि सांगाडा आसाच्या किती जवळ आला, यावरून भार ओळखते. पाटे बसलेले असले की रिकामी गाडीही तिला भरलेली भासते. मागील चाकांना गरजेपेक्षा अधिक दाब मिळतो, ती आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरून फिरू शकतो. उलट, जादा पाटा घालून गाडी उंच केली की झडपेला भरलेली गाडीही रिकामी वाटते व मागील ब्रेक अपुरा पडतो. स्प्रिंग बदलल्यावर या झडपेची जुळणी पुन्हा तपासणे म्हणूनच अनिवार्य आहे. अनेक ठिकाणी नेमकी हीच पायरी वगळली जाते.

जादा पाटा घालण्याच्या प्रथेविषयीही येथे बोलले पाहिजे. त्यामुळे गाडी वर येते हे खरे. परंतु रिकाम्या स्थितीत ती ताठ होऊन उसळते आणि पूर्वी पाटा सोशीत असलेला ताण सांगाड्यावरील खुंट्या व कड्यांकडे जातो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे. मूळ प्रतीचा झिजलेला भाग बदलणे आणि भारक्षमता वाढविण्यासाठी रचना बदलणे या दोन सर्वस्वी भिन्न बाबी होत.

निदान व बदलाची रीत

निदानाचा आरंभ मोजमापाने व्हावा. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजावी व उत्पादकाच्या आकड्याशी ताडून पाहावी. उंची कमी असेल तर दोष स्प्रिंगचा. उंची योग्य असून गाडी डोलत असेल, टायरवर खळग्यांसारखी झीज दिसत असेल किंवा नळकांडे तेलाने माखले असेल, तर दोष धक्काशोषकाचा. कोपरा दाबून सोडण्याची प्रचलित चाचणी पाट्यांच्या गाडीत फसवी ठरते, कारण पाट्यांमधील घर्षणच आंदोलन थांबविते.

बदल नेहमी जोडीने करावा. एकाच बाजूचा नवा पाटा गाडी तिरकी करतो. पुढील चाकांना ठोकळे लावून, सांगाड्याखाली भक्कम स्टँड देऊन, आसाखाली स्वतंत्र जॅक ठेवावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. धक्काशोषक सुटला की आस अधिक खाली लोंबतो व ब्रेकची रबरी नळी ताणली जाते, म्हणून आसाचा आधार काढू नये. वेटोळ्याच्या स्प्रिंगमध्ये आस हळूहळू उतरविल्यावर ती मोकळी होते. पाट्यांच्या बाबतीत सेंटर बोल्टचे डोके आसाच्या बैठकीतील खळग्यात नीट बसले पाहिजे, अन्यथा आस तिरका राहून गाडी एका बाजूला ओढते. यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात. ते नवेच घ्यावेत आणि आळीपाळीने, कर्णरेषेत आवळावेत.

दुहेरी नळीचा नवा धक्काशोषक आडवा साठविलेला असेल, तर उभा धरून काही वेळा पूर्ण दाबावा व ओढावा. त्यातील हवा निघून जाते. त्याच्या चकचकीत दांड्याला पक्कड लावू नये, कारण एक ओरखडाही सील फाडण्यास पुरतो. जुना वायुयुक्त धक्काशोषक तापविणे वा कापणे धोक्याचे आहे.

रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच करावे. लोंबत्या आसावर ते आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर ब्रेकची झडप जुळवावी. शेवटी रात्री सपाट भिंतीसमोर हेडलाइटचा झोत पाहावा. मागचा भाग बसलेला असताना कोणी तो खाली वळवून घेतला असेल, तर आता तो रस्त्यावर फारच जवळ पडेल. पाचशे ते हजार किलोमीटर धावल्यावर यू-बोल्टच्या नटांचा आवळ पुन्हा एकदा तपासावा.