वायरींची फळी (लेखांक ११)

पॉलिश या आठवड्यात नाही. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घातली होती, लेखही निम्मा झाला होता आणि सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं. मागच्या वेळी टीव्हीच्या कपाटाला ‘पाठ दोन सुती प्लायची लावा’ असं एका ओळीत सांगून मी पुढे गेलो होतो. ताईंनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. त्या लिहितात, ‘पाठ लावली की वायरी जायच्या कुठून? आमच्या घरात २०१९ ला कमरेएवढं पाणी होतं. टीव्हीचं पार्टिकल बोर्डाचं युनिट पावासारखं फुगलं. आजोबांची सागवानी पेटी मात्र सावलीत वाळवली, ती आजही वापरात आहे. परत पाणी आलं तर त्या वायरी सोडवत बसायला वेळ कुठला असतो?’

ताईंचं म्हणणं खरं आहे आणि माझी ती ओळ चुकीची होती.

मी साताऱ्यात पहिलं टीव्ही कपाट केलं तेव्हा पाठ अशीच चुका मारून पक्की बसवली होती. भोकं पाऊण इंचाची. त्यातून तीन पिनी टॉप जाईना, म्हणून टॉप कापला, वायर ओवली आणि आतल्या बाजूला जोड देऊन वर टेप गुंडाळली. समोरून कपाट देखणं दिसायचं. दुसऱ्या उन्हाळ्यात सेट टॉप बॉक्स तापून बंद पडायला लागला. आत काय झालंय ते बघायला पाठ उपसावी लागली, तेव्हा प्लायचे कोपरे फाटले आणि आतल्या टेपचा गोंद वितळून वायरीवर ओघळलेला दिसला. लाकडाच्या आत वायरीला जोड द्यायचा नाही, हे तेव्हापासून ठरवून टाकलं. वायर लपवायची म्हणजे नजरेआड करायची, हाताआड करायची नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. शटरचे जुने टीव्ही ज्यांनी पाहिलेत त्यांना आठवत असेल, लाकडी खोकं, चार पाय आणि दोन्ही बाजूंना सरकणारं पट्ट्यांचं शटर. त्या टीव्हीला मागून दोनच वायरी यायच्या, एक विजेची आणि एक अँटेनाची, चपटी. त्या काळच्या सुताराला वायरींचा विचारच करावा लागला नाही. आज माझ्या घरी मोजल्या तर नऊ भरल्या. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राउटर, साउंडबार, प्रत्येकाची विजेची वायर वेगळी, दोघांचे अडॅप्टर वेगळे, शिवाय डिशची केबल, एचडीएमआय आणि इंटरनेटची फायबर.

तरी लाकडात वायर लपवायची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. वाईत एका वाड्याची दुरुस्ती चालली होती तेव्हा तिथून मी एक पट्टी मागून आणली, हात-दीड हाताची. ती आता माझ्या कामाच्या टेबलावर असते. सागाची, दीड इंच रुंद पट्टी. तिच्यात लांबीभर दोन खाचा आणि वर पातळ झाकणपट्टी. यालाच केसिंग-कॅपिंग म्हणायचे. आज त्याच नावानं प्लास्टिकची पट्टी मिळते, पण मूळ माल सागवानी. एका खाचेतून एक वायर, दुसरीतून दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये लाकडाची अखंड कड. झाकणाचे स्क्रू त्या मधल्या कडेतच मारलेले, म्हणजे स्क्रू चुकूनही वायरीला लागायचा नाही. मी झाकण उघडलं तेव्हा सुती वेष्टणाच्या आतलं रबर चुरा होऊन पडलं. खाच मात्र रंधा आजच फिरवावा तशी गुळगुळीत होती.

ज्या कुणी सुतारानं ती पट्टी केली त्याला तीन गोष्टी नक्की ठाऊक होत्या. दोन वायरींची वाट वेगळी हवी. झाकण उघडता यायला हवं. स्क्रूची जागा आधी ठरवायची, मग वायरीची. पुढे अशा पट्ट्या मागे पडल्या, कारण ओल धरली की त्या धोक्याच्या ठरत. आपलं काम त्याहून सोपं आहे, आपल्याला भिंतीतून वायर न्यायची नाही, कपाटाच्या पोटातून न्यायची आहे.

तर ती दोन सुती पाठ रद्द. तिच्या जागी एक सुटी फळी करा. मी तिला वायरींची फळी म्हणतो.

आपल्या कपाटाची खोली सोळा इंच आहे. त्यातले मागचे साडेचार इंच वायरींसाठी सोडा. साडेचारच का, तर एक्स्टेन्शन बोर्ड दीड इंच जाड असतो आणि त्यात खोचलेला अडॅप्टर आणखी अडीच-तीन इंच बाहेर येतो. एवढी जागा नसेल तर अडॅप्टर भिंतीला टेकतो आणि टॉप वाकून राहतो. या बोळाच्या पुढे चार सुती फळी उभी करायची. ती स्क्रूनं बसवायची नाही, टांगायची. पाऊण इंच जाड सागाची एक पट्टी घेऊन ती लांबीत पंचेचाळीस अंशांत तिरकी चिरा. एक भाग कपाटाच्या आत आडवा बसवा, तिरकी कड वर. दुसरा फळीच्या मागे, तिरकी कड खाली. फळी वरून सोडली की दोन्ही कडा एकमेकींत रुततात. काढायची तर दोन्ही हातांनी जरा वर उचलायची. फळी कपाटाच्या तोंडातून बाहेर निघेल एवढीच ठेवा, नाहीतर सगळा खटाटोप वाया.

फळीच्या मागच्या अंगाला एक्स्टेन्शन बोर्ड आणि अडॅप्टर. पुढच्या अंगाला राउटर, आणि सेट टॉप बॉक्ससाठी कंस मारून एक छोटी मांडणी. फळीला अडीच इंचाचं एक भोक पाडा, टॉप न कापता त्यातून गेला पाहिजे. भोकाची कड घासकागदानं गोल करून घ्या. धारदार कडेवर वायर वर्षानुवर्षं घासते.

आता वाईच्या पट्टीचा पहिला नियम. विजेच्या वायरी फळीच्या एका कडेनं, बाकीच्या दुसऱ्या कडेनं. साउंडबारला साधी ऑडिओ वायर लावली असेल आणि ती विजेच्या वायरीला चिकटून गेली असेल तर कधी कधी बारीक घुमणारा आवाज येतो. त्याहून मोठं कारण असं, की केबलवाला आला की त्याचा हात विजेच्या वायरीला लागू नये. वायरी बांधायला प्लास्टिकचे टाय नकोत, ते कापताना वायर कापली जाते. वेल्क्रोची पट्टी घ्या. फायबरला घट्ट वळसा कधी घालू नका. कोपऱ्यावर तिला सैल, मोठं वळण द्या. घट्ट वळणात तिच्यातला प्रकाश बाहेर गळतो आणि इंटरनेट मंदावतं, मग आपण उगाच कंपनीला फोन करत बसतो.

बोळ खालून आणि वरून उघडा ठेवा. तापलेली हवा वर जाते आणि खालून गार हवा आपोआप येते, पंखा लागत नाही. खालच्या तोंडाला लोखंडी बारीक जाळी ठोका, कारण अर्ध्या इंचाची फट उंदराला पुरते आणि वायरीचं प्लास्टिक तो कुरतडतोच.

समोरच्या दाराचं काय, असं दोघांनी विचारलंय. रिमोटचा किरण लाकडातून जात नाही. तेव्हा दाराच्या चौकटीत दिलहा न बसवता वेताची विणलेली जाळी बसवा, खुर्चीच्या बैठकीला असते तशी. किरण तिच्या भोकांतून जातो, हवाही जाते आणि आतलं सामान नजरेला येत नाही. वेत विणणारा जवळ नसेल तर बुरुडाकडून बांबूची विणून घ्या.

साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या वाचकांना एक सांगायचं राहिलं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जत-आटपाडीला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या जवळपास. एकच सागवानी फळी दोन्हीकडे सारखी वागणार नाही. ती रुंदीत फुगते आणि आकसते. टांगलेल्या फळीला त्याचं काही वाटत नाही, फक्त दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत मोकळी जागा ठेवा. चुका मारलेली सागाची पाठ अशा वेळी तडकते.

आता सांगलीच्या ताईंचा मूळ प्रश्न. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी चाळीस फूट आणि धोका पातळी पंचेचाळीस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. कपाटाला कितीही उंच पाय लावले तरी त्या पाण्यापुढे ते टिकणार नाहीत, म्हणून उंचीच्या मागे लागू नका. गटाराचं पाणी उलटून घरात येतं त्यासाठी सहा इंचांचे पाय पुरेत. मोठ्या पाण्यासाठी ही फळी आहे. साउंडबार सोडला तर भिंतीतला टॉप, टीव्हीचा टॉप, एचडीएमआय, डिशची केबल आणि फायबर एवढ्या पाचच जागी ती बाहेरच्या जगाशी जोडलेली असते. या पाचही ठिकाणी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पुलापाशी पाणी चाळीस फुटांकडे निघालं की आधी भिंतीतला टॉप काढायचा, मग बाकीचे चार, फळी उचलायची आणि माडीवर न्यायची. मी घड्याळ लावून पाहिलं, तीन मिनिटांत होतं. टीव्ही दोघांनी उचलायचा. सागाचं रिकामं कपाट पाण्यात राहिलं तरी नंतर धुऊन सावलीत, हळूहळू वाळवता येतं. उन्हात टाकलंत तर सांधे उघडतील.

ज्यांनी पार्टिकल बोर्डाचं कपाट आधीच घेतलंय त्यांनीही ही फळी करावी. कपाट वाचणार नाही, आतलं सामान वाचेल.

पुढच्या आठवड्यात पॉलिश, नक्की. तोवर फळी तयार ठेवा आणि तिची मागची बाजूही घासून घ्या. पॉलिश दोन्ही अंगांना लागणार आहे, एकाच अंगाला लावलेली फळी पहिल्या पावसाळ्यात वाकते.