हलत्या रेखांचे दफ्तर

पोलादपुरास कवींद्र परमानंदांची समाधी आहे. परंतु आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाणाऱ्या प्रवाशांपैकी थोडेच तेथे थांबतात. शिवचरित्राचे आद्य संस्कृत काव्य ज्यांनी रचले, त्यांचे स्मारक सावित्रीच्या खोऱ्यात राहिले. त्यांच्या 'शिवभारता'चे हस्तलिखित मात्र तंजावरास सापडले, आणि सदाशिव महादेव दिवेकरांनी त्याचे संपादन करून 1927 साली ते छापले, तेव्हा कुठे महाराष्ट्रास आपल्याच कवीची ओळख पटली. दफ्तरे धुंडाळावीत, पाठ ताडून पाहावेत, मग विधान करावे, ही शिस्त मराठी विद्वत्तेने अशा परिश्रमांतून मिळविली आहे. ज्या कलेचे वय जेमतेम शंभर वर्षांच्या पुढे आहे, त्या ॲनिमेशनच्या वाट्यास ती शिस्त अद्याप पुरतेपणी आलेली नाही, ही खंत मला महाडास बसून फार जाणवते.

या कलेचा आपल्याकडील उगम शोधू जाता 1912 सालातल्या एका वाटाण्यापाशी यावे लागते. इंग्लंडहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत दाणा पेरला, रोपाच्या वाढीचे चित्रण ठरावीक अंतराने चौकटी-चौकटीने केले, आणि कित्येक दिवसांची ती वाढ क्षणार्धात उलगडणारी फीत यशवंतराव नाडकर्णी यांना दाखवून पहिल्या चित्रपटासाठी कर्ज उभे केले. काटेकोर अर्थाने हे ॲनिमेशन नव्हे, कारण येथे हालचाल निसर्गाची होती. पण काळ तोडून पुन्हा जोडण्याची युक्ती तीच. 1915 च्या 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात मात्र हालचालही फाळक्यांचीच: मेजावर काड्या मांडावयाच्या, एक चौकट टिपावयाची, एखादी काडी केसभर सरकवावयाची, हात बाजूस घेऊन पुन्हा एक चौकट टिपावयाची, आणि काडी आपोआप चालू लागल्याचा भास होईपर्यंत हा क्रम सोडावयाचा नाही. निर्जीव वस्तूस चालविण्याची ही विद्या येथे इतक्या लवकर साधली गेली, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

पुढे 1934 साली पुण्याच्या प्रभात कंपनीने रघुनाथ केळकरांकडून 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा कार्टूनपट करविला. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत, आणि नायट्रेट एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यातील अशा फितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातच्या कित्येक चित्रपटांची मूळ सामग्री गेली. 1964 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून रिळे मिळवून जपली नसती, तर आपला आरंभकाळ केवळ नामावळ्यांतच उरला असता.

मुंबईस फिल्म्स डिव्हिजनने 1956 साली कार्टून विभाग उघडला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवावयास आले, राम मोहन यांच्यासारखे तरुण तेथेच तयार झाले, आणि जातककथेवरील 'द बनियन डीअर' 1957 साली पूर्ण झाला. अभ्यासकाने अशा चित्रशाळेत प्रथम कोणता कागद मागावा, असे मला कोणी विचारले तर मी एक्स्पोजर शीट सांगेन. व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीप्रमाणे तिच्यात एकेका चौकटीची एकेक ओळ असते, चित्राच्या प्रत्येक थरास वेगळा रकाना असतो, आणि कॅमेरा कोठे सरकवावयाचा ते कडेस लिहिलेले असते. सेकंदास 24 चौकटी धरल्या तर दहा मिनिटांच्या चित्रपटास 14,400 ओळी होतात; एकेक चित्र दोन चौकटी टिकविले, तरी 7,200 चित्रे काढावी लागतात. पात्र कोठे थबकले, धावताना कोठे चित्रे वाढविली, कोठे श्रम वाचविले, हे सारे त्या रकान्यांतून वाचता येते. फीत नष्ट झाली तरी ही शीट हाती असेल तर चित्रपटाची गती पुष्कळशी सांगता येते.

आपल्याच रायगड जिल्ह्यात रेवदंडा आणि कोर्लई येथे ज्यांचे कोट उभे आहेत, त्या पोर्तुगिजांच्या देशाने या बाबतीत जे केले ते अनुकरणीय आहे. तेथील पहिला ॲनिमेशनपट, झुआकिम गेरेरू यांचा, तत्कालीन पंतप्रधानांवरील उपहासपट, 1923 चा. म्हणजे आपल्या आगकाड्यांहून आठ वर्षांनी धाकटा. परंतु एश्पिन्यू या समुद्रकाठच्या गावात 1976 पासून 'सिनानिमा' महोत्सव भरतो, त्याचे सूत्रधार अंतोनियू गायू यांनी पोर्तुगीज ॲनिमेशनचा इतिहास 2001 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि पुढे बार्सेलुश येथील संस्थेने बोधचित्रे (इलस्ट्रेशन) व ॲनिमेशन यांवरील विद्वत्परिषद सुरू केली. आधी प्रेक्षक, मग ग्रंथ, मग विद्यापीठ, असा हा क्रम दिसतो. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात नीना सबनानी यांच्यासारख्या अभ्यासकांनी राजस्थानच्या कावडीपर्यंत, म्हणजे घडीच्या चित्रित लाकडी कथापेटीपर्यंत, जाऊन लोकचित्रकथनाचा अभ्यास केला व त्यावर चित्रपटही केले. पण फाळक्यांपासून आजवरची सलग बखर मराठीत हवी तशी झालेली नाही.

या कामात महाड-पोलादपूरचा वाटा निर्मितीचा नसून प्रेक्षकांचा आहे, आणि तो मी गौण मानीत नाही. मुख्य चित्रपटापूर्वी शासनमान्य लघुपट दाखविणे चित्रपटगृहांस बंधनकारक होते, त्यामुळे फिल्म्स डिव्हिजनची हलती चित्रे गावोगावच्या पडद्यांवर पोहोचली. चित्रपट दाखविणाऱ्या फिरत्या तंबूंनाही 1953 च्या मुंबई चित्रपटगृह नियमन कायद्यान्वये जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा परवाना घ्यावा लागे. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याची ही कागदपत्रे शोधावयाची तर अलिबागच्या कचेरीपासून आरंभ करावा लागेल; आणि घरोघरच्या जाहिराती, तिकिटे, हिशेबाच्या वह्या यांची घाई तर त्याहूनही अधिक आहे, कारण जुलै 2021 मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा किती घरांतील कागदांचा लगदा झाला ते आम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. येथील महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी 1953 पासून 1981 साली कुलाब्याचे रायगड होईपर्यंतचाच काळ घ्यावा. परवाने उतरवून घ्यावेत, त्या कागदांची छायाचित्रे काढून त्यांच्या प्रती पुण्याच्या संग्रहालयाकडे धाडाव्यात, आणि तंबूत बसून ज्यांनी ती चित्रे पाहिली त्या ऐंशी वर्षांपुढील माणसांच्या जबान्या, त्यांच्या मुलांना शेजारी बसवून, याच उन्हाळ्यात लिहून घ्याव्यात.