जुन्या नोंदी, नवे रूप

दप्तर जुने झाले म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. कागदाला कसर लागते, शाई फिकी पडते. संगणकातील नोंदींना कसर लागत नाही हे खरे. परंतु त्या वाचणारी आज्ञावलीच काळाच्या ओघात वापरातून जाते, आणि मग नोंद असूनही नसल्यासारखी होते. 'डीबेस' व 'फॉक्सप्रो' या आज्ञावलींमध्ये साठविलेल्या माहितीवर आज नेमका हाच प्रसंग ओढवला आहे. १९८४ साली आलेल्या डीबेसच्या तिसऱ्या आवृत्तीने घालून दिलेली धारिकेची घडण पुढे अनेक आज्ञावलींनी स्वीकारली. वेतनपत्रके, सभासदांच्या याद्या, ग्रंथसूची असे कितीतरी साहित्य या 'डीबीएफ' धारिकांत आहे. ते कोणत्याही संगणकावर वाचता यावे यासाठी त्याचे स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुरात रूपांतर करणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. मात्र हे काम वाटते तितके यांत्रिक नाही.

रिकाम्या चौकटींचा प्रश्न

परीक्षेच्या अर्जावर नावासाठी चौकटी आखलेल्या असतात. नाव लहान असले तरी चौकटी तितक्याच. उरलेल्या कोऱ्या राहतात. डीबीएफ धारिकेची रचना अशीच आहे. प्रत्येक रकान्याची रुंदी आरंभीच ठरते आणि प्रत्येक नोंद तितकीच जागा व्यापते. गावासाठी २५ अक्षरांचा रकाना असेल आणि त्यात कराडचे नाव रोमन लिपीत लिहिले, तर ५ अक्षरांमागे २० रिकाम्या जागा येतात. अशा १०,००० नोंदी असल्या की एका रकान्यातच २ लाख रिकाम्या जागा साठतात.

प्रश्न केवळ जागेचा नाही. स्वल्पविरामी मजकुराचे संकेत नोंदविणारा जो दस्तऐवज २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात रिकामी जागा हा मजकुराचाच भाग मानावा, असे म्हटले आहे. म्हणजे 'कराड' आणि मागे २० रिकाम्या जागा असलेले 'कराड' ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी गावे ठरू शकतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण दोन याद्या ताडून पाहताना जुळणी होत नाही आणि एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याचे नाव यादीत असूनही सापडत नाही.

काय काढावे, काय राखावे

तथापि, सरसकट सर्व रिकाम्या जागा पुसून टाकणे हा उपाय नव्हे. अक्षरांच्या रकान्यात पोकळ जागा उजवीकडे असतात, तेवढ्याच काढाव्यात. शब्दांमधील जागा अर्थातच राखावी. डावीकडची जागा कधी कधी मुद्दाम सोडलेली असते, उदाहरणार्थ मुख्य शीर्षाखाली उपशीर्ष दाखविण्यासाठी. संख्येच्या रकान्यात आकडे उजवीकडे सरकवून लिहिलेले असल्याने तेथे मात्र डावीकडच्या जागा काढावयाच्या असतात. '००४१७' सारखा खातेक्रमांक अक्षरांच्या रकान्यात असेल तर त्यातील शून्ये जशीच्या तशी ठेवावीत.

तारीख ८ अंकांत, वर्ष, महिना व दिवस या क्रमाने असते. ती कोरी असेल तर कोरीच राहू द्यावी. कोऱ्या संख्येच्या जागी शून्य भरणे हीदेखील गंभीर चूक होय. 'रक्कम नोंदविलेली नाही' आणि 'रक्कम शून्य आहे' ही विधाने एक नव्हेत.

प्रत्यक्ष रूपांतर

मूळ धारिकेला हात न लावता तिची प्रत करून घ्यावी आणि सर्व काम त्या प्रतीवर करावे. जुनी आज्ञावली उपलब्ध असेल तर 'कॉपी टू' ही आज्ञा 'डिलिमिटेड' या शब्दासह द्यावी. तीमुळे रकाने स्वल्पविरामांनी विभागले जातात, अक्षरी मजकूर अवतरणचिन्हांत येतो आणि मागील रिकाम्या जागा गळतात. याच आज्ञेत 'एसडीएफ' हा शब्द वापरल्यास मात्र पूर्ण रुंदीचा, रिकाम्या जागांसह मजकूर मिळतो. 'डिलिमिटेड' प्रकारात रकान्यांची नावे उतरत नाहीत. ती पहिल्या ओळीत स्वतंत्रपणे लिहावीत. जुनी आज्ञावली नसेल तर 'लिबरऑफिस'मध्येही डीबीएफ धारिका उघडता येते.

दीर्घ शेऱ्यांचे रकाने विशेष लक्ष देऊन पाहावेत. त्यांतील मजकूर मुख्य धारिकेत नसून सोबतच्या दुसऱ्या धारिकेत असतो. ती जोडधारिका हरवली की शेरेही गेले. पत्त्यात स्वल्पविराम असेल तर तो मजकूर अवतरणचिन्हांत हवा. मजकुरातच अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहावे.

मराठी नोंदींची काळजी

देवनागरीतील जुन्या नोंदी आणखी एका कारणाने नाजूक आहेत. काही 'इस्की' या १९९१ च्या भारतीय मानकानुसार, तर काही विशिष्ट अक्षरसंचाच्या खासगी संकेतांनुसार साठविल्या आहेत. मूळ संकेत ओळखूनच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. अन्यथा नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उरतील.

शेवटी पडताळणी

डीबेसमध्ये खोडलेली नोंद लगेच नष्ट होत नाही. तिच्या आरंभी तारांकन तेवढे येते. धारिकेच्या शीर्षभागातील एकूण संख्येत अशा नोंदीही धरलेल्या असतात. म्हणून चालू व खोडलेल्या नोंदींची बेरीज त्या संख्येशी ताडून पाहावी, रकमांची एकूण बेरीज जुळवावी आणि निवडक नोंदी प्रत्यक्ष वाचाव्यात. बेरीज जुळली तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

या नोंदींमागे कोणाची सेवा, कोणाची बचत, कोणाचा हक्क उभा आहे. जुन्या आज्ञावलींची जाण असलेली माणसे आपल्यात आहेत तोवरच हे काम हाती घेणे श्रेयस्कर ठरेल.