थांब, स्वस्त होईल!

आमच्या चिरंजीवांजवळ एक दोनशे पानी वही आहे. पुढून उघडली तर ती भूगोलाची आहे. पण उलटी धरून मागून उघडली, की एकदम बाजारभावाची होते. एखाद्या वाण्याच्या खतावणीला लाजवील अशा टापटिपीने तीत तारखा आणि आकडे मांडलेले आहेत. मात्र हे भाव सोन्याचे नव्हेत, कांद्याचेही नव्हेत. टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचे आहेत. आजची मुले त्याला कन्सोल म्हणतात. आणि या भावांच्या अगदी वर ठळक अक्षरांत एक वाक्य लिहिलेले आहे: ‘बाबा म्हणाले, थांब, स्वस्त होईल.’

मराठीच्या प्राध्यापकाचे एखादे वाक्य कुणी आपण होऊन उतरवून घेतले, तर त्याला आनंद व्हायला हवा. वर्गात असा योग क्वचितच येतो! परंतु या एका वाक्याने मला घरात चांगलेच खाली पाहायला लावले आहे. ती हकिकत वाचकांना सांगितली पाहिजे. कारण दिवाळी आली, की हेच वाक्य घरोघरी उच्चारले जाते.

२ फेब्रुवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात विक्रीला आले. किंमत ४९,९९० रुपये. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने भीत भीत विषय काढला आणि मी अनुभवी माणसाच्या थाटात वरील वाक्य बोलून गेलो.

तो थाट अगदीच निराधार नव्हता. आम्ही संत तुकाराम नगरातले जुने रहिवासी. आज जिथे डोक्यावरून मेट्रो धावते, त्या पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला माझ्या लहानपणी कारखान्यांच्या बसची वाट पाहत डबेवाल्या कामगारांचे घोळके उभे असत. आमचे अण्णा त्यांतलेच एक. त्या काळी पिंपरी कॅम्पातल्या दुकानांत ‘व्हिडिओ गेम’ नावाची अपूर्वाई येऊन दाखल झाली होती. मी हट्ट धरला. अण्णा म्हणाले, “थांब जरा, स्वस्त होईल.” दोन दिवाळ्या थांबलो आणि खरोखरच किंमत निम्म्यावर आली. १९९४ साली बोनसच्या पैशांतून तो खोका घरी आला. सोबत एक पिवळी कॅसेट होती. तीवर शेकडो खेळ असल्याचे छापले होते. प्रत्यक्षात तेच दहा-बारा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. पण चाळभर पोरे आमच्या घरात मावेनाशी झाली, एवढे खरे.

स्वस्ताई हा काळाचा गुण आहे, वस्तू जुनी झाली की भाव उतरायचाच, अशी माझी तेव्हापासून ठाम समजूत झाली. ती चुकीची होती.

आमचा खोका स्वस्त झाला, तो काळामुळे नव्हे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या त्या नकला होत्या, आणि निरनिराळी नावे लावून डझनभर लोक त्या विकत होते. एकाने पन्नास रुपये कमी केले, की शेजारच्या दुकानदाराला करावेच लागत. याउलट गंमत पाहा. १९९५ साली सेगा कंपनीचे अस्सल यंत्र शॉ वॉलेसमार्फत आपल्याकडे आले, ते अठरा हजार रुपयांना! परदेशी मालावरची जबर जकात चुकवण्यासाठी केलेली ती व्यवस्था होती; तरी किंमत ही! त्या वर्गात त्याला टक्कर द्यायला येथे कुणी नव्हते. तात्पर्य, भाव काळ उतरवत नाही, प्रतिस्पर्धी उतरवतो.

पण मग विकणारा भाव उतरवतो तरी कशाच्या जोरावर? आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत एक प्रिंटर आहे. तो स्वस्तात मिळाला म्हणून सगळे खूश होते. पुढे शाईची बिले येऊ लागली तेव्हा खुशीचा उलगडा झाला. कन्सोलचा धंदा पुष्कळसा असाच आहे. यंत्रावर नफा थोडा, कित्येकदा सुरुवातीला तोटाच. खरी मिळकत खेळांवर. खेळ दुसऱ्या कुणी तयार केला, तरी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे यंत्राच्या मालकाला वाटा मिळतो. म्हणून किंमत कमी करणे म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली ओवाळणी नव्हे. तुमच्या दिवाणखान्यात पाच-सात वर्षांसाठी जागा मिळवण्याकरिता आगाऊ भरलेली ती पागडी आहे.

या पागडीची चढाओढ मोठी मजेदार असते. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसला खेळांचे मोठे प्रदर्शन भरले होते. सेगाने आपले सॅटर्न हे यंत्र ३९९ डॉलरला जाहीर केले, आणि ते आजपासूनच दुकानांत मिळेल, असे सांगून सर्वांना चकित केले. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सेगाला पुढे किंमत उतरवावी लागली, पण गेलेली बाजी हाती आली नाही. त्यांचे पुढचे यंत्र ड्रीमकास्ट. ते १९९९ साली अमेरिकेत १९९ डॉलरला आले आणि २००१ च्या आरंभी ९९ डॉलरपर्यंत घसरले. त्याच सुमारास सेगाने यंत्रे बनवण्याचा धंदाच सोडला. स्वस्ताई हे शस्त्र खरे. पण ते चालवायला गाठीला पैसा आणि सोबत भरपूर खेळ लागतात. नाहीतर ते आपल्याच हाताला कापते.

दुसरा प्रसंग मे २००२ चा. सोनीने १४ तारखेला प्लेस्टेशन २ ची किंमत २९९ वरून १९९ डॉलर केली. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स तेवढीच खाली आणली. आठवडाभरात निन्टेन्डोने आपला गेमक्यूब १४९ डॉलरला देऊ केला. आपल्या बसस्थानकावर रसवंत्या एकमेकींचे दर पाहून पाट्या पुसतात, तसाच हा प्रकार! पण परिणाम काय झाला? सगळेच खाली उतरल्यावर कुणीच पुढे गेले नाही. प्लेस्टेशन २ शेवटपर्यंत पुढे राहिले. जगभर पंधरा कोटींहून अधिक खपले. उरलेल्या दोघांचा खप प्रत्येकी दोन-अडीच कोटींच्या घरात राहिला, आणि त्यांतही सर्वांत स्वस्त यंत्र सर्वांत मागे! लोकांनी किंमत पाहिली, पण निवड केली ती खेळ पाहून. लाभ झाला तो आठवडाभर वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचा.

आणि न थांबलेल्याचे काय? २०११ साली निन्टेन्डोने आपले हातात धरायचे थ्रीडीएस हे यंत्र २५० डॉलरला काढले. ते खपेना, म्हणून पाच महिन्यांच्या आत किंमत १७० वर आणली. ज्यांनी हौसेने आधी घेतले होते, त्यांना ही चपराकच होती. कंपनीने त्यांना वीस जुने खेळ फुकट दिले आणि अध्यक्ष इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. भाव उतरवणारा क्षमा मागतो, असे दृश्य विरळाच.

आता माझ्या वाक्याकडे वळतो. मी ‘थांब’ म्हणालो, तेव्हा हे काही मी पाहिलेच नव्हते. त्या वर्षांत जगभर संगणकाच्या चिपांचा तुटवडा होता. भारतात यंत्रांची आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपून जाई. माल मिळत नाही म्हणून गिऱ्हाईक रांगेत उभे असताना कोणता दुकानदार भाव उतरवील? नोव्हेंबर २०२२ मध्ये ४९,९९० चे ५४,९९० झाले. मुलाने वहीत आकडा लिहिला आणि काही न बोलता वही माझ्यापुढे ठेवली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने अमेरिकेतही याच यंत्राचा भाव ५० डॉलरने वाढवला. मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी आपले भाव चढवले. पूर्वी वयाबरोबर यंत्रे स्वस्त होत. या पिढीतली यंत्रे वयाबरोबर महाग झाली. चढाओढ उतरायची असते, तशी चढायचीही असते, हे मला नव्याने कळले.

मला टोचले ते पाच हजार रुपये नव्हेत. किंमत पुढेमागे उतरेलही. मुलाचे दहावे वर्ष मात्र पुन्हा येणार नाही. अण्णांच्या ‘थांब’मध्ये दोन दिवाळ्यांचा वायदा होता आणि त्यांनी तो पाळला. माझ्या ‘थांब’ला मुदतच नव्हती.

यंदा मी होऊन विषय काढला. चिरंजीव आता नववीत आहेत. मी म्हणालो, “डिस्क न लागणारं यंत्र स्वस्त आहे, ते घेऊ या.”

“नको बाबा. त्याला खेळ फक्त कंपनीच्याच दुकानातून घ्यावे लागतात. डिस्क असली तर मित्रांत अदलाबदल करता येते, नंतर विकताही येते. तुमच्या पिवळ्या कॅसेटसारखी.”

मी गप्प झालो. प्रिंटरची शाई त्याला माझ्याआधी कळली होती.

शेवटी मासुळकर कॉलनीतला एक मुलगा शिक्षणासाठी परगावी निघाला होता, त्याचे वापरलेले यंत्र घ्यायचे ठरले. चिरंजीव एकटेच बोलणी करायला गेले आणि सांगितल्या किमतीहून अडीच हजार कमी करून आले. “हे कसं जमवलंस?” मी विचारले.

“काही नाही. चिंचवडला दुसरा एकजण त्याचं विकतोय, कमी भावात. तेवढंच त्याला सांगितलं.”

रात्री त्याने वही उघडली, शेवटचा आकडा लिहिला आणि खाली रेघ ओढली. मग क्षणभर विचार करून वरचे माझे वाक्य खोडू लागला.

“राहू दे ते,” मी म्हणालो. “फक्त पुढे लिही: ‘दुसरा कुणी विकत असेल तर.’”