ताप एकच, जंतू मात्र वेगवेगळे



वस्तीत कुणाला हुडहुडी भरून ताप आला की शेजारची बाई उरलेल्या गोळ्या आणून देते. "आमच्या पोराचा ताप यानंच उतरला," म्हणते. तिची माया खरी. पण जंतू रक्तात शिरला असेल तर ही गोळी जिवावर बेतू शकते.

जखम, फुप्फुस, आतडे, लघवीचा मार्ग किंवा बाळाची नाळ यांतून जंतू रक्तात शिरतो आणि अंगभर पसरतो. त्यामुळे शरीर कोलमडू लागले की डॉक्टर त्याला 'सेप्सिस' म्हणतात. हा जंतू सगळीकडे सारखा नसतो, म्हणून औषधही सारखे नसते.

युरोप-अमेरिकेत नवजात बाळाच्या रक्तात पहिल्या आठवड्यात अनेकदा 'ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस' सापडतो. तो पेनिसिलिनने मरतो. दिल्लीच्या तीन सरकारी रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात तपासणी झाली, तेव्हा ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे जंतू पुढे आले. त्यांतल्या अनेकांवर नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नव्हती. आफ्रिकेत मलेरिया आणि कुपोषणाने खंगलेल्या मुलांच्या रक्तात साल्मोनेलाचा एक प्रकार आढळतो. आपल्याकडे त्याच कुळातला टायफॉइडचा जंतू घाण पाण्यातून येतो.

हा फरक जातीचा नाही की नशिबाचा नाही. तो पाण्याचा, नालीचा, दवाखान्यातल्या स्वच्छतेचा आणि मनाला येईल तशा घेतलेल्या अँटिबायोटिक्सचा आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क मागितला. आज वस्तीच्या नळाला शुद्ध पाणी मागणे ही त्याच वाटेवरची लढाई आहे.

वेळेवर ओळखले तर जीव वाचतो, हे आपल्या विदर्भानेच जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांना बाळाची लक्षणे ओळखून घरीच इंजेक्शन द्यायला शिकवले. पूर्वी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकी सोळा-सतरा दगावत. ते प्रमाण तीनच्या आत आले. हे काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज आशाताई बाळ बघायला घरी येतात, त्याचे मूळ इथेच आहे. त्यांना दारातून परत पाठवू नका.

बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग थंड किंवा तापलेले लागले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा नाळेला पू आला, तर सकाळची वाट पाहू नका. मोठ्या माणसाला तापासोबत धाप लागली, बोलणे असंबद्ध झाले, लघवी कमी झाली किंवा हातपाय गार पडले तरीही तेच. १०८ ला फोन करा.

दवाखान्यात आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे दाखवा, लपवू नका. "अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घेता येईल का?" असे विचारा. जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते, हे त्यातून कळते. अहवालाला दोन-तीन दिवस किंवा जास्त लागतात, म्हणून डॉक्टर तोवर अंदाजाने औषध देतात आणि अहवाल आल्यावर गरज पडली तर बदलतात. औषध बदलले म्हणजे डॉक्टर चुकले, असे समजू नका.

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. तापाचेही कारण शोधा; शेजारच्या डब्यातली गोळी शोधू नका.