अभिजात उदारमतवाद : लोकसमज आणि वस्तुस्थिती

बाजार मोकळा सोडावा, सरकारने हाताची घडी घालून बसावे आणि ज्याच्या गाठीस पैका त्याने गरिबास खुशाल नागवावे, हाच अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील ब्रिटिश उदारमतवाद्यांच्या शिकवणुकीचा मथितार्थ होय, असा समज आपल्याकडे इतका रूढ झाला आहे की, त्या मताचे विरोधक त्याच्याच आधारे त्यास शिव्या देतात आणि त्याचे स्वयंघोषित कैवारी त्याच्याच आधारे त्याची आरती ओवाळतात. मूळ ग्रंथ उघडून पाहण्याची तसदी दोहोंपैकी कोणीच फारशी घेत नाही.

१७७६ साली प्रसिद्ध झालेल्या अॅडम स्मिथच्या ‘राष्ट्रांची संपत्ती’ या ग्रंथाचा अखेरचा, पाचवा भाग राज्याची कर्तव्ये आणि राज्याचा खजिना यांनाच वाहिलेला आहे. परचक्रापासून संरक्षण आणि न्यायदान ही दोन कर्तव्ये सांगून स्मिथ थांबत नाही. ज्या रस्त्यांत, पुलांत नि कालव्यांत एकट्यादुकट्याला नफा नाही, पण साऱ्या समाजाचे हित आहे, ती कामे सरकारने अंगावर घ्यावीत. तसेच दिवसभर एकच क्रिया करून ज्याची बुद्धी बधिर होते त्या मजुराच्या मुलांसाठी गावोगावी शाळा काढून शिक्षकाच्या वेतनाचा काही हिस्सा सरकारने सोसावा, असे तो स्पष्ट लिहितो. बँकांनी लहान रकमेच्या नोटा काढू नयेत, या निर्बंधाचा तो पुरस्कार करतो. हा व्यक्तिस्वातंत्र्यास अटकाव आहे हे तो नाकारीत नाही. आग पसरू नये म्हणून लगतच्या घरांमध्ये पक्की भिंत बांधण्याची सक्ती जितकी न्याय्य, तितकीच हीही न्याय्य, एवढेच त्याचे उत्तर असते. कर्जावरील व्याजाला कायद्याने मर्यादा असावी, या मताचाही तो आहे, आणि या एका बाबतीत त्याला खोडून काढण्यासाठी बेंथम या विचारवंताला १७८७ साली स्वतंत्र पुस्तक लिहावे लागले. सावकारी निर्बंधाच्या कायद्यांचा आग्रह धरणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना हा आपला जुना पुरस्कर्ता ठाऊक नसावा, ही मोठी गंमत आहे.

मग त्याचा रोख होता तरी कोणावर? तो होता सनदेवर आणि मक्त्यावर. सरकारने आपले बळ एखाद्या गटाच्या पदरी बांधावे, यावर. एकाच धंद्याचे लोक एकत्र जमले की बोलणे बहुधा गिऱ्हाइकाविरुद्धच्या कटावर येऊन ठेपते, हे निरीक्षण त्याचेच आहे. ईस्ट इंडिया कंपनीवर त्याने झोड उठवली ती याच तत्त्वाने, कारण व्यापाराचा मक्ता आणि मुलखाचा अंमल एका हाती आला म्हणजे रयतेचे काय होते, हे बंगालने दाखवून दिले होते. १७७० च्या सुमारास तेथे जो दुष्काळ पडला, त्यातील टंचाईचे रूपांतर महादुष्काळात होण्यास कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेले अविचारी निर्बंध कदाचित कारणीभूत झाले असावेत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

धनिकांचा कैवार हा आरोप धान्यकायद्यांच्या लढ्याकडे पाहूनही तपासता येतो. १८१५ च्या कायद्याने देशातील गव्हाचा भाव क्वार्टरमागे ८० शिलिंगांवर चढेपर्यंत परदेशी गहू इंग्लंडात विकण्यास मनाई होती. लाभ अर्थातच जमीनदार सरदारांचा. मँचेस्टरच्या कॉब्डेन व ब्राइट यांनी उभारलेल्या चळवळीने १८४६ साली धान्यकायदे रद्द करविले. गिरणीमालकांनाही स्वस्त पाव हवाच होता आणि त्यामागे मजुरी वाढू नये हा हेतू असल्याचा कामगारांचा संशय अगदीच निराधार नव्हता. शिवाय याच ब्राइटने पुढल्या वर्षी दहा तासांच्या कामाच्या कायद्याला विरोध केला. उदारमतवादावरील टीकेला खरा आधार सापडतो तो असल्या ठिकाणी, स्मिथमध्ये नव्हे.

आजचे उजवे पक्ष हे या विचाराचे वारस, हा दुसरा समज. थॅचर आणि रेगन यांच्यापासून खुल्या बाजाराची भाषा परंपरेच्या भाषेशी इतकी एकजीव झाली आहे की, त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या हेच विस्मरणात गेले. १८६७ साली मताधिकाराच्या विधेयकात पुरुषाऐवजी ‘व्यक्ती’ असा शब्द घालून स्त्रियांना मत मिळावे, अशी दुरुस्ती जॉन स्टुअर्ट मिलने पार्लमेंटात मांडली; तिला अवघी ७३ मते पडली, विरुद्ध १९६. हे काही सनातन्याचे काम नव्हे. खुद्द हायेकने, ज्यास उजव्यांचा आचार्य मानण्याची प्रथा आहे त्याने, आपण सनातनी का नाही हे सांगणारे प्रकरणच १९६० च्या ग्रंथास जोडले आहे.

कल्याणकारी राज्याशी असलेले नाते मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा १९०८ चा कायदा आणि आजारपणाच्या विम्याचा १९११ चा कायदा हे दोन्ही समाजवाद्यांनी नव्हे, इंग्लंडच्या लिबरल पक्षाच्या सरकारने केले. पोटाला चिमटा बसलेल्या माणसाचा करार खऱ्या अर्थाने मुक्त नसतो, हा ग्रीन व हॉबहाउस या उदारमतवादी विचारवंतांचा युक्तिवाद त्यामागे होता. हा जुन्या मताचा विकास की विश्वासघात, हा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या मते तो विकासच होय, परंतु एका अटीवर: मदत करणाऱ्या राज्याने मदतीच्या निमित्ताने नवे मक्ते वाटू नयेत. समाजवादाशी असलेला भेद येथेच आहे. त्याला उत्पादनाची साधने समाजाच्या, म्हणजे व्यवहारात बहुधा सरकारच्या, हाती हवी असतात. उदारमतवाद्याला तीच एकवट धोक्याची वाटते.

या मताची सर्वांत काळी बाजू हिंदुस्थानच्या संबंधात दिसते. मिलने १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत चाकरी केली, आणि १८५९ च्या ‘स्वातंत्र्य’ या ग्रंथात ‘मागासलेल्या’ समाजांना आपल्या सिद्धांतातून सरळ वगळले. तरीही पुण्यात तो ग्रंथ वाचणाऱ्यांनी नेमके ते कलम तेवढे मानले नाही. म्हणून आमचे नेमस्त हे लंडनची नक्कल करणारे होते, हा शेवटचा गैरसमजही टिकत नाही. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती रानड्यांनी इंग्लंडातील अर्थशास्त्राचे नियम देशकालनिरपेक्ष नाहीत असे प्रतिपादन केले आणि येथील उद्योगधंद्यांना राज्याचा आधार मागितला. मिल व स्पेन्सर यांचे व्यासंगी आगरकर १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे उभे राहिले, कारण दहा-बारा वर्षांच्या मुलीचे संरक्षण कुटुंबाच्या मर्जीवर सोडणे त्यांना स्वातंत्र्य वाटत नव्हते. आणि १९११ साली गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचे विधेयक आणले. पुढील वर्षीच्या मार्चात १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले, आणि विरोधकांच्या अग्रभागी सरकारी सभासद होते.